वाऱ्याचं कार्य, पाच गुण

४ नोव्हेंबर

ताई,

पत्र माझं आहे हे तुला पहिल्याच ओळीला कळलं असेल, कारण तुला पत्र लिहायचा उद्योग दुसरं कोण करणार. काका म्हणतात, फोन आहे ना. आहे, पण तो वसतिगृहाच्या ऑफिसात, तोही फक्त रविवारी, आणि मी फोनवर आले की तू म्हणतेस, "बाबांना दे." पत्राला तसं म्हणता येत नाही. आलं की ऐकावंच लागतं.

ज्या मावशी तुला हे वाचून दाखवतायत त्यांना नमस्कार. मावशी, माझं अक्षर कसं आहे ते मला आजवर सगळ्यांनी सांगून झालंय, तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल. ओळख करून देते. तुमच्यासमोर बसलीय ती माझी चुलत बहीण, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. घर एकच, खाली ती आणि काका, वर मी आणि आई. ती दहावीत, मी आठवीत, दुसऱ्यांदा. ती मला भिंगरी म्हणते म्हणून सगळी गल्ली भिंगरी म्हणते. मी कंसात काही लिहिलं तर ते फक्त तुमच्यासाठी, तेवढं मनातल्या मनात वाचा.

(मावशी, ती हसली का? नसेल तर ओठ घट्ट आवळून बसली असेल. म्हणजे आतून हसतेय.)

इकडची खबर. काकांनी परवा एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईकानं घालून बघितला, आरशात उजवीकडे वळला, डावीकडे वळला, आणि म्हणाला, "मास्तर, माझा एक हात उलटा आहे की काय?" काका हसले नाहीत. शर्ट उतरवून घेतला आणि उसवायला बसले. तू बसायचीस ती खुर्ची मशीनशेजारी तशीच आहे. तू बटणं चाचपून वेगळी करायचीस ना, चार भोकांची एकीकडे आणि दोन भोकांची एकीकडे, ते आता मी करते. डोळे मिटून करून बघितलं. एका डब्याला पाऊण तास लागला, आणि शेवटी त्यात एक चण्याएवढा खडूचा तुकडा निघाला, तो मी चार भोकांच्यात टाकला होता.

तुझ्या वर्गात पहिल्या बाकावरची तुझी जागा अजून रिकामी आहे असं लिहिणार होते. पण खोटं कशाला. दुसऱ्याच दिवशी एक जण बसली.

काका म्हणाले, तुला तिथे, अंध मुलींच्या शाळेत, परत नववीत बसवलंय, कारण तिथल्या शाळेची दहावी वर्षाच्या सुरुवातीलाच भरते. मला वाटलं थट्टा करतायत. बघितलं तर करत नव्हते. ताई, एका वर्गात दोनदा बसणं हे माझं काम आहे, तू त्यात पडू नकोस. आपल्याकडे परीक्षेचे फॉर्म तीस तारखेपर्यंत भरतायत. तीसच्या आत तुझं नाव इथल्या पटावर परत आलं तर दहावी, नाहीतर वर्ष गेलं.

पेपरचं मी आत्ता काही लिहीत नाही. (मावशी, ते तिला विचारू नका.)

तुझी,
वरच्या मजल्यावरून भिंगरी


११ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारते. काल त्यानं मला लांबून बघितलं आणि सायकल दुसऱ्या गल्लीत घातली. बिचाऱ्याची काही चूक नाही.

आज महत्त्वाचं आहे. आई कचेरीबाहेर टायपिंगचं टेबल मांडते हे मावशींना माहीत नसेल. मी दुपारी तिला डबा द्यायला जाते आणि तिच्याबरोबर जेवून घेते. आज तिच्यापुढे एक गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा चाकाच्या खुर्चीत असतो. शाळेनं त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर नेला आणि सांगितलं, मुलाला घरीच ठेवा, अभ्यास पाठवू. गृहस्थांनी कायद्याचा छापील कागद आणला होता आणि ते आईला अर्ज सांगत होते. आई टाइप करत होती, मी जेवत होते. तर त्यात आलं की, अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला नेहमीच्या वर्गातून वेगळं काढता येणार नाही. त्याला लागतील त्या सोयी शाळेनं करायच्या. आणि त्याच्या शाळेबद्दल काही ठरवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं.

माझा घास हातातच राहिला.

गृहस्थ गेल्यावर मी म्हटलं, "आई, हे खरं आहे?"

"खरं-खोटं मला विचारायचं नाही. मी टाइप करते."

"पण आहे ना असा कायदा?"

"आहे. छापलेला बघितलास की."

"मग ताईला कशी काढली?"

आई नवीन कागद घालत होती, ती थांबली. तिचे हात थांबलेले मी आजारपणातही बघितलेले नाहीत. म्हणाली, "काढली नाही. काकांनी अर्ज दिला. मुलीच्या हितासाठी स्वखुशीने नेत आहे, असा."

"कोणी लिहिला तो?"

"शाळेच्या कारकुनानं. काकांनी सही केली." मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडे आले असते तर मी दोनदा विचारलं असतं."

संध्याकाळी मी खाली गेले. काका तोंडात टाचण्या धरून पँटची घडी घालत होते. मी विचारलं, "काका, स्वखुशीनं म्हणून सही केलीत, तेव्हा खुशीत होता का?"

त्यांनी एकेक टाचणी तोंडातून काढली. सात होत्या. मग म्हणाले, "शाळेच्या मोठ्या बाईंनी कागद दाखवला, म्हणाल्या, बघा तुमची मुलगी सरांबद्दल काय लिहिते. माझी मान खाली गेली. त्या म्हणाल्या, इथे ती कडवट होत चाललीय, वेगळी खोली, लेखनिक, जादा वेळ, आम्हाला झेपत नाही, तिकडे तिच्यासारख्या मुली आहेत. मला वाटलं बरं होईल तिचं. तिची आई गेल्यापासून मी एकटा, कापडापलीकडे मला काय कळतं गं."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. मग मी खाली बसून टाचण्या गोळा केल्या, डबीत भरल्या आणि वर आले.

(मावशी, तिचा चेहरा कसा झालाय आत्ता? नको, राहू द्या.)

भिंगरी


१५ नोव्हेंबर

ताई,

आज कंस नाहीत. मावशी, आज तुम्हीही ऐका. तुमच्याकडची ही मुलगी उद्धट आहे असं तुम्हाला तिच्या कागदांतून कळलं असेल. ती नाहीये. ते कागद माझ्यामुळे तसे झाले.

आधीपासून सांगते. सहामाहीच्या आधी मी शाळेच्या घंटेच्या लोलकाला लोकरीचा मोजा चढवला होता. शिपाई दोरी ओढतोय, घंटा म्याऊ पण करत नाही. दुसरा तास पावणेदोन तास चालला. भूगोलाचे सर सगळे वारे शिकवून संपले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्याबद्दल मोठ्या बाईंनी मला शेवटची ताकीद दिली होती. आणखी एक खोडी केलीस तर दाखला हातात. हे ताईला माहीत होतं.

मग परीक्षा. ताई उत्तरं सांगणार, मी लिहिणार. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून मी. मी आठवीत परत बसले ते कोणाच्या तरी उपयोगी पडलं.

भूगोलाच्या पेपरात चौथा प्रश्न, वाऱ्याचं कार्य, पाच गुण. ताई, तू सगळं घडाघडा सांगितलंस. खनन, वहन, संचयन. मग तू पाणी प्यायला थांबलीस. पर्यवेक्षक दारात उभे राहून कोणाशी तरी बोलत होते. आणि मी तुझ्या उत्तराखाली लिहिलं. काय लिहिलं ते तुला आजपर्यंत कोणीच सांगितलेलं नाही, तू विचारलंही नाहीस. ऐक.

"वाऱ्याचे आणखी एक कार्य म्हणजे भूगोलाच्या सरांच्या डोक्यावरील केसांचे वहन. त्यांचे संचयन कोठे झाले हे अद्याप सापडलेले नाही."

मी खोडणार होते, ताई. शेवटी तुला पेपर वाचून दाखवायचा, तू हसायचीस, मग मी खोडायचं, असं ठरवलं होतं. पण शेवटचा प्रश्न लांबला, घंटा झाली, पर्यवेक्षकांनी हातातून पेपर ओढून घेतला. मी "एक मिनिट" म्हटलं. ते म्हणाले, "सगळ्यांनाच एक मिनिट हवं असतं."

चार दिवसांनी आपल्या दोघींना मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. त्यांनी पान टेबलावर आपटलं, "हे कोणाचं डोकं?" आणि मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "मी सांगितलं, तिनं लिहिलं. लेखनिकाला सांगितलेलंच लिहावं लागतं." काय लिहिलंय हे ठाऊक नसताना. मी शेजारी उभी राहून माझ्या बुटांच्या नाड्या बघत होते. उजवी सुटली होती. तू दहा दिवसांनी निघून गेलीस तेव्हापर्यंत माझ्याकडे बोलायला दहा दिवस होते.

काल मी काकांना सांगितलं. ते कापड कापत होते. कात्री ठेवली आणि म्हणाले, "काय लिहिलं होतंस ते नीट सांग." मी शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी मशीनवर डोकं टेकलं, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. वर बघितलं तर रडतही होते आणि हसतही होते. मग डोळे पुसून म्हणाले, "ती म्हणाली मी सांगितलं, आणि मी बाप असून एकदाही विचारलं नाही की खरंच का गं."

अर्ज मागे घ्यायचा अर्ज आईनं सांगितला आणि मी टाइप केला, दोन बोटांनी. तीन पानं झाली. आज काका ती शिक्षण खात्यात देऊन आले, आणि वीस तारखेला तिथल्या अधिकारी बाई शाळेत येणार आहेत. तिथे सगळ्यांसमोर मला हे सगळं परत सांगायचंय.

आई म्हणाली, "दाखला हातात देतील." मी म्हटलं, देतील तर देतील, तुझ्या टेबलावर बसून टाइप करेन. आई म्हणाली, "दोन बोटांनी? मला उपाशी मारशील."

भिंगरी


२१ नोव्हेंबर

ताई,

झालं. पण जसं होईल वाटलं होतं तसं नाही.

मोठ्या बाईंची खोली. अधिकारी बाईंना सर्दी झालेली, एका हातात रुमाल, एका हातात आम्ही दिलेला अर्ज. काका, मी, भूगोलाचे सर. काकांनी नवा शर्ट घातला होता, बाह्या बरोबर होत्या, मी बघून घेतलं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आमची शाळा लहान आहे मॅडम. वेगळी खोली, वेगळा पर्यवेक्षक, जमलं तर आम्ही करतोच."

अधिकारी बाई म्हणाल्या, "कायदा मी काल पुन्हा वाचला, एवढ्या सर्दीत. त्यात 'जमलं तर' कुठे लिहिलेलं नाही."

मग मी उभी राहिले आणि सांगितलं. मोज्यापासून केसांपर्यंत. मोठ्या बाई लाल झाल्या. मी सरांकडे बघत नव्हते, पण शेवटी बघावंच लागलं.

सर म्हणाले, "मी हिच्या बहिणीसाठी नकाशा केला होता. नद्यांना सुतळी चिकटवली, डोंगरांना वाळू. दोन रविवार गेले. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, सर, समुद्र कुठून सुरू होतो ते मला आज कळलं. आणि आठवड्याभरात तिच्या पेपरात ते वाक्य वाचलं. केसांचं काही नाही, ते तुझ्या जन्माआधीच गेले. मला वाटलं, तिनंही आपल्याला हसायचंच ठरवलं." मग म्हणाले, "आणि संचयन सापडलं नाही म्हणजे झालं नाही असं होत नाही. तिथेही तुझं चुकलंय."

नकाशाचं मला माहीत नव्हतं, ताई. तू सांगितलं नव्हतंस. मी एकाची टोपी उडवायला गेले आणि दोघांची पाडली. मी सरांची माफी मागितली, आणि पहिल्यांदाच माफी मागताना मला हसू आलं नाही. दाखला मिळाला नाही. आठ दिवस वर्गाबाहेर, आणि रोज घंटा वाजवायचं काम माझ्याकडे.

मला वाटलं, आता संपलं, आता तू येणार. तेवढ्यात अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "मुलीचं म्हणणं काय आहे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई पंख्याकडे.

"काढताना विचारलं नाहीत. आणतानाही नाही?" त्यांनी आमचा अर्ज उचलला. "तीन पानं आहेत. यात तिचं एक वाक्य नाही."

ताई, मी कागद ठोकले, काकांना हलवलं, सगळ्यांसमोर नाक कापून घेतलं. पण तुला विचारलं कधी? मला तू परत हवी होतीस, तेवढंच बघितलं. काका सांगत होते, तिथे गणिताची पुस्तकंसुद्धा ठिपक्यांची मिळतात, तुझी तू वाचतेस. इथे तुला गणित मी वाचून दाखवायचे आणि अवघड चिन्ह आलं की "इथे एक वेडंवाकडं काहीतरी आहे" म्हणायचे. तिथे तुला बरं वाटत असेल. मैत्रिणी झाल्या असतील. मावशी तर माझ्याहून चांगलं वाचत असतील.

मंगळवारी अकरा वाजता अधिकारी बाई शाळेतून तुला फोन करणार आहेत. तुला काय हवंय ते सांग. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस आणि माझ्यामुळे म्हणून राहू नकोस. राहते म्हणालीस तरी बटणं मी वेगळी करत राहीन. आता वीस मिनिटं लागतात.

भिंगरी


२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

फोनवर तू स्वतःच होतीस, तेव्हा तुझंच बोलणं तुला काय सांगू. पण मावशी त्या वेळी नसतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात.

मावशी, फोन स्पीकरवर होता आणि खोलीत परत आम्ही सगळे होतो. तुमची मुलगी चालली. ती म्हणाली, "मला यायचंय. दहावी माझ्या वर्गातूनच द्यायचीय. पण गणिताचं ठिपक्यांचं पुस्तक माझ्या आधी तिथे पोचलं पाहिजे. आणि माझ्याबद्दलची बैठक यापुढे माझ्याशिवाय घ्यायची नाही." मोठ्या बाईंनी विचारलं, "लेखनिक कोण?" तर म्हणाली, "भिंगरी." मोठ्या बाई म्हणाल्या, "परत?" ती म्हणाली, "तिचं पेन मला ऐकू येतं. त्या दिवशी मी सांगायची थांबले तरी पेन चालूच होतं. आगाऊपणा चाललाय हे मला कळलं होतं. मी अडवलं नाही. शेवटी काय निघतंय ते मलाही ऐकायचं होतं." अधिकारी बाई म्हणाल्या, लेखनिक निवडायचा हक्क परीक्षा देणारीचा, फक्त घंटेआधी प्रत्येक पान तिला वाचून दाखवायचं. काका शुक्रवारी न्यायला येतायत. शनिवारी फॉर्म.

आता ताई, जे तुला फोनवर ऐकू आलं नाही ते.

तू बोलायला लागलीस तेव्हा काका गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत होते. घाईत टेप काढायचा राहिला होता. तू "यायचंय" म्हणेपर्यंत इतका घट्ट गुंडाळला की बोट पांढरं पडलं. मग सोडला, आणि बोटाकडे बघत बसले, जसं काही ते दुसऱ्या कोणाचं आहे.

मोठ्या बाईंनी "गणिताचं पुस्तक" असं कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पहिली रेघ मारताना चेहरा आंबट होता, दुसरी मारताना नव्हता. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितेय, नोंद घे.

तू "मलाही ऐकायचं होतं" म्हणालीस तेव्हा सरांनी डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागे, सावकाश. मग कपाट उघडून नकाशा बाहेर काढला आणि त्यावरची धूळ फुंकली. नद्या सगळ्या जागेवर आहेत. एका डोंगराची वाळू सांडलीय, ती ते भरून ठेवणार आहेत.

आणि शेवटी तू विचारलंस, "भिंगरी आहे का तिथे?" काका म्हणाले, "आहे की, समोरच उभी आहे." तू म्हणालीस, "मग या वेळी नीट लिहिशील का?" आणि इकडून आवाजच नाही. तू परत विचारलंस. परत नाही. तुला वाटलं असेल रुसली, किंवा कधी नव्हे ती लाजली.

तसलं काही नव्हतं, ताई. मी मान हलवत होते. फोनपुढे उभी राहून, तुझ्यासमोर, इतक्या जोरात की माझ्या वेणीचा फटका सरांना बसला. तू परत विचारलंस तशी मी आणखी जोरात हलवली. शेवटी अधिकारी बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून ती थांबवली.

मावशी, आता जी एक ओळ येतेय ती तिला नीट मोठ्यानं वाचून दाखवा.

हो.